'सिस्टरना काहीच माहीत नसतं': हॉस्पिटलकडून उत्तर

नमस्कार. आमच्या हॉस्पिटलला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलेला ऑनलाइन रिव्ह्यू वाचला. तुमच्या बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता, ड्युटी बदलताना, बेल वाजवूनही कोणी वेळेवर आलं नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण 'सिस्टरना काहीच माहीत नसतं, इन्सुलिन दिलं का हे पेशंटलाच विचारतात' हे तुमचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. जेवण ८:२० ला येणार, म्हणून दुपारपाळीच्या सिस्टरनी ७:५० ला इन्सुलिन दिलं होतं. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरना पेशंटची माहिती सोपवताना, ते सांगायचं राहिलं, चार्टवर सहीही राहिली. चूक आमचीच. रात्रपाळीच्या सिस्टर सिरिंज घेऊन आल्या, चार्टवरचा रकाना कोरा दिसला आणि त्या थांबल्या. थांबल्या म्हणून विचारलं! इन्सुलिन दोनदा गेलं असतं तर मध्यरात्री शुगर खाली गेली असती, आणि झोपेतल्या माणसाची शुगर उतरलेली पटकन कळतही नाही. पहिल्या सिस्टर जिन्यापर्यंत गेल्या होत्या. शेवटची एसटी ८:१५ ची. तरी खांद्याला पर्स तशीच ठेवून वर आल्या, सही केली आणि रिक्षाने घरी गेल्या. तेव्हा तुम्ही मोबाईलवर शूटिंग करत होतात. असो.

बेलचं म्हणाल, तर तुम्ही लिहिलंत तसा अर्धा तास नाही, कॅमेऱ्यात ११ मिनिटं दिसतात. ११ सुद्धा जास्तच. पण त्याच वेळी काउंटरवर मेडिक्लेमचे कागद मागत तुमचेच काका उभे होते, आणि एक सिस्टर त्यांच्यापाशी अडकली होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे जे नऊ उपाय सांगितले, त्यांत ओव्हरचाही आहे. म्हणजे हे फक्त आमच्या १८ खाटांच्या हॉस्पिटलचं दुखणं नाही. तरीही सोमवारपासून ओव्हर काउंटरवर नाही, खाटेपाशी, चार्ट हातात धरून होतंय. इन्सुलिनची सही बघितल्याशिवाय आधीच्या सिस्टरनी निघायचं नाही. बेलचंही काहीतरी करतोय.

२२ वर्षं हे हॉस्पिटल चालवतोय. गावात एक स्टार किती लांब जातो, ते तुम्हालाही माहीत आहे.

बाबांना टाके काढायला गुरुवारी आणा. त्या दिवशीच्या रात्रपाळीच्या सिस्टर आता सकाळपाळीला आहेत, त्याच काढतील. हात हलका आहे त्यांचा.