केबल बदलूनही घूं आवाज जात नाही: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आपण दोन स्टार दिलेत आणि कारणंही लिहिलीत, त्याबद्दल आभार. २४ मीटर स्पीकर केबलला ३,००० रुपये गेले, बेस आधीपेक्षा कमी झाला, घूं आवाज होता तसाच आहे, आणि आता ८,००० ची सिल्व्हर आरसीए (टीव्हीसारख्या उपकरणातून ॲम्पला आवाज नेणारी केबल) घ्यावी का, असं आपण विचारलंय.

आधी आमची चूक. आपले स्पीकर ४ ओहमचे, ॲम्पपासून (ॲम्प्लिफायरपासून) दोन्हीकडे १२-१२ मीटरवर, आणि आम्ही दिली १.५ स्क्वेअर एमएम केबल. जाऊन-येऊन एका स्पीकरला २४ मीटर तांबं लागतं, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.२८ ओहम होतो. तो स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत, म्हणजे ०.२ च्या आत हवा. २.५ स्क्वेअर एमएममध्ये तो ०.१७ येतो. काउंटरवर अंतर आणि ओहम विचारायलाच पाहिजे होतं. केबल बदलून देऊ, वरचे पैसे घेणार नाही. पण यामुळे आवाजात फरक पडतो तो जेमतेम अर्ध्या डेसिबलचा. तेवढ्याने बेस जात नाही.

बेस गेलाय तो बहुतेक एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं लागल्यामुळे. एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, मग खालचे सूर एकमेकांना मारतात आणि गायकाचा आवाज मधोमध न येता खोलीभर पसरतो. ही केबल पारदर्शक आहे, आत एक तार तांबडी आणि एक चंदेरी (ती चांदी नाही, तांब्यावर कथिलाचा मुलामा आहे). ट्यूबलाइटखाली दोन्ही सारख्याच दिसतात, तेव्हा टोक खिडकीपाशी उजेडात धरून बघा. ॲम्प बंद करून फक्त एका स्पीकरच्या मागच्या दोन तारा अदलाबदल करा आणि तेच गाणं लावा. ज्या जोडणीत बेस भरतो ती बरोबर. तारेचा एकही केस शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका, ॲम्प प्रोटेक्शनला जाईल, म्हणजे बिघाड टाळायला आपणहून बंद पडेल.

घूं आवाज स्पीकर केबलमुळे येतच नाही, त्यामुळे ती बदलून तो जाणार नव्हता. हे आम्ही विकतानाच सांगायला हवं होतं. व्हॉल्यूम शून्य केल्यावरही तो तेवढाच राहिला तर दोष ॲम्पच्या आत, बहुधा पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये. व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर तो बहुधा बाहेरून येतोय. ॲम्प बंद करून सगळ्या आरसीए पिना काढा, मग एकेक लावत जा. टीव्ही जोडल्यावर सुरू झाला तर सेट-टॉप बॉक्सची डिशची वायर काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला जोडली जाऊन त्या फेऱ्यातून करंट फिरतोय. ॲम्प, टीव्ही, बॉक्स एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. टीव्ही आणि ॲम्प दोन्हीला ऑप्टिकल (तांब्याऐवजी प्रकाशातून आवाज नेणारं) कनेक्शन असेल तर ती केबल लावा, लूप तुटतो. थ्री-पिनची अर्थ पिन मात्र कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.

ॲम्पच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तपासून घ्या. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की इलेक्ट्रोडभोवतीची माती सुकून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरतं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी घालून फरक पडतो का बघा, नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. लाइट गेल्यावरच घरघर येत असेल तर ती स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरची.

८,००० ची आरसीए घेऊ नका. एक मीटरच्या आरसीएला चांगलं शिल्डिंग (बाहेरचा विजेचा गोंगाट अडवणारं तारेभोवतीचं धातूचं आवरण) आणि घट्ट बसणारी पिन एवढं पुरे. जुन्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, सैल पडलेली तेवढी बदला.

केबल बदलायला येताना जुनी केबल आणा, टोकं कापलेली असली तरी चालेल. शिवाय प्रत्येक स्पीकरचं अंतर भिंतीच्या कडेने, वळणासकट मोजून आणा. केबल अधांतरी सरळ जात नाही, म्हणून १२ मीटर हे आपण मोजलेलं आहे की अंदाजाने सांगितलंय, तेही बघून घ्या.