घरकुल नको, वासे बदलायला साठ हजार द्या

मागच्या रविवारी आत्याकडं गेलो होतो. पाऊस काही फार नव्हता, आपली रिपरिप. तरी मधल्या खोलीत तीन पातेली, एक बादली आणि देवळीखाली परात असा सगळा संसार मांडलेला. कुठल्या कौलातून कधी गळणार हे आत्याला पाठ झालंय, वारं फिरलं की बोलता बोलता उठते, परात वीतभर सरकवते आणि परत येऊन बसते. वर बघितलं तर आढ्याखालचे चार-पाच वासे वाळवीनं पार पोखरलेत, बोट दाबलं की भुसा हातात.

सुताराला आणि गवंड्याला नेऊन दाखवलं. वासे, रिपा, फुटकी कौलं, मागच्या मातीच्या भिंतीला खालून दोन फूट दगडी बांधकाम, सगळं धरून साठ हजार म्हणाले. एवढं केलं की घराला पुढची पंधरा-वीस वर्षं बघायला नको. आणि हे साठ हजार मिळवायची एक सरळ वाट आपल्या अख्ख्या सरकारी कारभारात मला सापडली नाही, म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं सगळे सांगतात ते घरकुल. पंतप्रधान आवास ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार. बरं. पण ते नवीन घर बांधायला, कमीत कमी 25 चौरस मीटर. आहे ते घर सावरायला नाही. आणि आत्याचं नाव यादीतच नाही, कारण मामांनी, म्हणजे आत्याच्या मालकांनी, जिवंत असताना पुढची एक खोली विटांची करून वर स्लॅब टाकला होता. सर्व्हेला आलेल्या पोरानं दारात उभं राहून फोटो काढला, फोटोत आली ती पुढची खोली, झालं, घर पक्कं. मागं तो गेलाच नाही. म्हणजे मामांनी पोटाला चिमटा काढून एक खोली नीट बांधली नसती तर आज आत्या पात्र ठरली असती!

आणि ज्यांना मिळालं त्यांचंही बघा की. 1 लाख 20 हजारात आज कुणाचं घर उभं राहतंय? जुनं पाडायचं, हप्ता येईपर्यंत शेजारच्या गोठ्यात राहायचं, वर दोन-तीन लाख कर्ज काढायचं. आमच्याच आळीत दोन घरकुलं बिनगिलाव्याची उभी आहेत, त्यातल्या एकाला खिडकीच्या जागी अजून खताचं पोतं आहे. जुन्या इंदिरा आवास योजनेत निदान कच्चं घर सुधारायला 15 हजार तरी मिळायचे, निधीचा काही भाग त्यासाठी वापरता यायचा. थोडे होते, पण दुरुस्ती हीसुद्धा एक गरज आहे हे तरी कुणाच्या डोक्यात होतं.

दुसरी वाट नुकसानभरपाईची. दोन वर्षांपूर्वी मागची भिंत अर्धी खचली, तलाठी आले, पंचनामा झाला. आपत्ती मदतीच्या निकषात कच्च्या घराची किमान 15 टक्के पडझड झाली तर 4,000 रुपये, पक्क्याची झाली तर 6,500. आता गंमत बघा, योजनेला पक्कं असलेलं घर पंचनाम्यात कच्चं निघालं आणि 4,000 आले. त्यात ताडपत्री आणि गवंड्याची दोन दिवसांची हजेरी.

मग बँक. दुरुस्तीचं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही असं अजिबात नाही, 2020 च्या नियमावलीत तर मोठी शहरं सोडून बाकी ठिकाणी 6 लाखांपर्यंतचं घरदुरुस्तीचं कर्ज अग्रक्रमाच्या, म्हणजे बँकांनी ठरावीक वाटा द्यायलाच हवा अशा कर्जात धरलं होतं. पण साहेबांसमोर नमुना 8 चा उतारा ठेवला तर म्हणाले हा घरपट्टीचा कागद झाला, मालकीचा नव्हे. प्रॉपर्टी कार्ड आणा, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, आणि साठ हजारासाठी मॉर्गेज कोण करत बसणार हो. मग हळूच विचारतात, सोनं आहे का? आत्यानं नुसतं गळ्याला हात लावला, काळी पोत होती. होतं ते धाकटीच्या बाळंतपणात गेलं.

राहिली फायनान्सवाली. ती दारात येऊन देतात, चोवीस टक्क्यानं, आणि हप्त्याच्या दिवशी सकाळी नऊला सेंटरवर हजर. आळीतल्या निम्म्या बायकांनी पत्र्यासाठी असंच उचललंय, कागदावर मात्र कारण लिहिलंय शेळीपालन.

आता माझं म्हणणं. अनुदान नको, कर्जच द्या. अनुदान म्हटलं की यादी आली, यादी म्हटलं की ‘आपला माणूस’ आला. पन्नास हजार ते एक लाख, चार-पाच टक्के व्याज, सात-आठ वर्षं मुदत, आणि हप्ता घरपट्टीच्या पावतीबरोबर. पैसे मालकाच्या हातात न देता निम्मे मालाच्या दुकानदाराला आणि निम्मे काम बघून. जिल्हा परिषदेला कर्ज देणं काही नवीन नाही. ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचे 0.25 टक्के जिल्हा ग्रामविकास निधीत भरतात आणि त्यातूनच जिल्हा परिषद ग्रामपंचायतींना कर्ज देते, गाळे बांधा, कार्यालय बांधा. गाळ्याला कर्ज चालतं, मग वाशाला का नाही? त्यासाठी नियम बदलावा लागेल हे मला कळतं. बदला की. केरळात ग्रामपंचायती आपल्या योजना निधीतून गरिबाच्या घरदुरुस्तीला पैसे देतातच, आमच्याकडं मात्र चांगल्या रस्त्यावर पुन्हा पेव्हर ब्लॉक.

वसुली कोण करणार, हा प्रश्न मला कट्ट्यावर लगेच आला आणि तो खोटा नाही. सरपंच आपल्या मतदाराच्या दारात हप्ता मागायला जाणार नाही, त्यात निवडणुकीच्या वर्षात तर नाहीच नाही. घरपट्टीचीच थकबाकी बघा ना. म्हणून मी म्हणतो पैसा जिल्हा परिषदेचा असू दे, पंचायतीनं फक्त घर बघून शिफारस करावी आणि वसुलीचं काम बचतगटांच्या ग्रामसंघाला द्यावं, थोडं कमिशन देऊन. बायका आठवड्याचे शंभर रुपये सोडत नाहीत, हप्ता काय सोडतील.

आणि ज्यांना हप्ता झेपणारच नाही अशा म्हाताऱ्या माणसांचं काय? अमेरिकेत कितीतरी शहरांच्या पालिका कमी उत्पन्नाच्या घरमालकांना बिनव्याजी दुरुस्ती कर्ज देतात, हप्ता नाही, घरावर बोजा चढवतात आणि घर विकलं किंवा दुसऱ्याच्या नावावर झालं की पैसे वसूल. आपल्याकडं उताऱ्यावर बोजा चढवायची विद्या काय कमी आहे? विकास सोसायटीच्या पीककर्जाचा चढतो तसा हाही चढेल, वारस नोंदीच्या वेळी पोरं भरतील. भाऊबंदकीत अडकलेल्या सामाईक घरांचं कसं करायचं, हे मात्र मला अजून सुचलेलं नाही. आत्याचं घरसुद्धा अर्धं दिराच्या नावावर आहे.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय मांडणार आहे. अर्ज लिहून ग्रामसेवकांना दाखवला, म्हणाले ठराव करून वर पाठवू, त्यात काय. वर म्हणजे कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरी येऊन आत्याला वाचून दाखवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चांगलं लिवलंस, पण माझं नाव काढ त्यातनं. दिराला वाटंल घर विकायला काढलंय." आणि उठून परात सरकवायला गेली.