मेल्या डिस्कला मणभर डेटा

हार्ड डिस्क गेली तर कोणी भेटायला येत नाही. माणूस गेला की शेजारून पिठलं-भात येतो, लांबचे नातेवाईक दारातूनच "वाईट झालं" म्हणून जातात, त्याची एक रीत ठरलेली आहे. कॉलेजपासूनचे फोटो, पत्रं आणि एक कादंबरी पोटात घेऊन डिस्क गेली, तर ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजासुद्धा मिळत नाही. मिळतो तो एक प्रश्न: "बॅकअप नव्हता घेतलास?" विचारणाऱ्याच्या भुवया वर जातात, मान किंचित तिरकी होते, आवाजात काळजी असते आणि त्या काळजीला आतून समाधानाचं अस्तर असतं.

बॅकअप होता. माझ्या मेहुण्याने घेऊन दिला होता. मेहुणा आयटीत आहे. म्हणजे एका आयटी कंपनीच्या एचआरमध्ये आहे, पण सासरी हा फरक कोणी करत नाही. गेल्या दिवाळीत त्याने माझ्या डेस्कटॉपवर दिसणारं सगळं पेनड्राइव्हवर उतरवलं, "दाजी, आता लॅपटॉप विहिरीत टाका" असं म्हणाला आणि डबाभर चकल्या घेऊन गेला. डिस्क गेल्यावर मी निर्धास्तपणे तो पेनड्राइव्ह लावला. सगळी फोल्डरं जागच्या जागी. फक्त प्रत्येकाच्या डाव्या कोपऱ्यात एक इवलासा बाण. ज्यांना तो बाण माहीत आहे त्यांनी इथे माझ्यासाठी दोन क्षण उभं राहावं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: ते फोल्डर नसतं, फोल्डरचा पत्ता असतो. शॉर्टकट. एक-दोन केबीचा. माझ्या अर्ध्या आयुष्याचे पत्ते शाबूत होते आणि त्या पत्त्यांवर आता कोणी राहत नव्हतं.

डिस्क मेली कशी हेही मला पुढे एका जाणकाराकडून ऐकावं लागलं. आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० वेळा फिरतात आणि वाचणारं हेड चकतीला न टेकता काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. माणसाचा केस जाडीला साधारण ८०,००० नॅनोमीटर भरतो, यावरून त्या फटीची कल्पना करा. हे ऐकल्यावर डिस्क मेली कशी यापेक्षा इतकी वर्षं जगली कशी, याचंच मला नवल वाटलं. हेड बिघडलं की ते जागा शोधत पुढे जातं, सापडत नाही म्हणून मागे येतं, पुन्हा जातं. बाहेर नुसता आवाज येतो: टक्. टक्. टक्.

"पाल चुकचुकली बघ," आई म्हणाली. निदान म्हणून हे चुकीचं होतं, शकुन म्हणून अचूक.

मेलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवावी, असा एक घरगुती उपाय इंटरनेटवर फार वर्षं फिरतो आहे. थंडीने आतले भाग आकसतात आणि अडकलेलं सुटतं, असा त्यामागचा तर्क. प्रत्यक्षात बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि उरलंसुरलं बिघडायची भीती. मेहुण्याने फोनवरून हा उपाय सुचवला तेव्हा मी त्याला हे सगळं नीट समजावून साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मटार काढायला गेली आणि स्वयंपाकघरातून हाक आली, "अगं, हे कसलं पाकीट? यावर तारीख नाही." बायकोने डिस्क दोन पिशव्यांत गुंडाळून मटार आणि खवलेल्या नारळाच्या मधोमध ठेवली होती. माहेरचा सल्ला तिने आजवर कधी वाया जाऊ दिलेला नाही.

दुःख नेमकं कशाचं, हे लोकांना सांगताना मात्र माझी पंचाईत व्हायला लागली. सुरुवातीला मी म्हणायचो, "एक कादंबरी लिहीत होतो, ती गेली." मग ती "जवळजवळ पूर्ण झालेली" झाली. ऑफिसात ती दोनशे पानांपर्यंत पोचली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लिफ्टचा विषय संपायच्या आत, तीनशे. मी मुद्दाम काही केलं नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर जेवढी हळहळ दिसे तेवढी पानं आपोआप वाढत. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. पण म्हशीचं दूध निदान शेजाऱ्यांनी प्यायलेलं असतं. माझ्या कादंबरीची धार कोणी काढलेलीच नव्हती.

या बाबतीत मी मोठ्या माणसांच्या पंगतीत आहे. १९२२ साली पॅरिसच्या गार द ल्यों स्टेशनात हेमिंग्वेच्या बायकोची, हॅडलीची, एक सूटकेस चोरीला गेली. नवरा लोझानला होता, त्याला तिथे काम करता यावं म्हणून त्या बिचारीने त्याच्या गोष्टींची हस्तलिखितं भरून घेतली होती, आणि त्यांच्या कार्बन कॉप्याही त्याच सूटकेसमध्ये. (हा प्रसंग मी मेहुण्याला सांगितला. तो म्हणाला, "बघा!" काय बघायचं ते सांगितलं नाही.) त्या गोष्टी पुन्हा कोणाला दिसल्या नाहीत, आणि तेव्हापासून त्या अतिशय उत्तम आहेत. उलट कार्लाइलचं बघा. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या त्याच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचं हस्तलिखित त्याने मित्राला, जॉन स्टुअर्ट मिलला, वाचायला दिलं आणि १८३५ साली ते रद्दी समजून जाळलं गेलं. कार्लाइलने तो अख्खा खंड पुन्हा लिहून काढला. १८३७ मध्ये ग्रंथ छापूनही आला. परिणाम असा की जळलेल्या खंडासाठी आज कोणी उसासासुद्धा टाकत नाही. पुन्हा लिहिण्यातला हा तोटा मला वेळीच कळला, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

ज्याच्या म्हशीला खरोखरच मणभर दूध होतं असा माणूस वेल्समध्ये आहे. जेम्स हॉवेल्स. २०१३ साली त्याची एक डिस्क कचऱ्यातून न्यूपोर्टच्या डेपोत गेली. तिच्यात जवळपास ८००० बिटकॉइनची किल्ली होती. कचऱ्याचा डोंगर उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेच्या मागे लागला, कोर्टात गेला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दावा फेटाळला. त्यालाही कोणी ना कोणी "बॅकअप नव्हता?" विचारलंच असणार. तरी तो माणूस तुरुंगाबाहेर आहे, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आपल्याकडचा दाखला अर्थातच देहूचा. तुकोबांच्या गाथा इंद्रायणीत बुडाल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, असं भाविक मानतात. अभंग लोकांना तोंडपाठ होते, संताजी जगनाड्यांसारख्यांच्या वह्यांत उतरलेले होते, म्हणून टिकले असं दुसरे सांगतात. कसंही घ्या, मला त्यातून दिलासा मिळेना. माझी कादंबरी कोणालाच पाठ नव्हती. मलासुद्धा.

एक गोष्ट मात्र मी कोणापुढेही फुगवली नाही. त्या डिस्कवर आजीचं एक रेकॉर्डिंग होतं. लसणाची चटणी कशी करायची ते ती सांगते आहे. मध्येच कुकर शिट्टी देतो, ती थांबते, "तीन झाल्या का रे?" असं विचारते, उठते, आणि चटणी तिथेच राहते. खोबरं भाजून घ्यायचं की तसंच, हे शेवटपर्यंत कळत नाही. ऑफिसात मी याबद्दल बोललो नाही. त्यात वाढवण्यासारखं काही नव्हतंच. पण रात्री झोप यायची नाही ती या कुकरमुळे, कादंबरीमुळे नाही. शेवटी एकदा मामेबहिणीपाशी बोलून गेलो. ती म्हणाली, "ते शिट्टीवालं ना? माझ्याकडे आहे की. वर्षश्राद्धाला तूच नव्हतं का पाठवलंस सगळ्यांना?" तिच्याकडे होतं, दोन्ही मावश्यांकडे होतं, सिंगापूरच्या भाच्याकडेसुद्धा होतं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. खोबऱ्याचं अजूनही कळलेलं नाही.

"मग आता दुकानात कशाला जायचं?" बायकोने विचारलं.

"कादंबरी आहे ना."

"कुठली?"

टिळक रोडला एका जिन्यावर, मेलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारा एक मुलगा बसतो. त्याने डिस्क कानाला लावली, "हेड गेलंय, काका" म्हणाला आणि एक आकडा सांगितला. तो ऐकून मराठी साहित्याचं नक्की किती नुकसान होईल, याचा मी मनातल्या मनात फेरविचार केला. पण सोसायटीत तीनशे पानं सांगून झालेली होती. पैसे भरले.

बरेच दिवसांनी त्याचा फोन आला. डेटा निघाला, पण नावं नाहीत. डिस्कवर फायलींची नावं एका नोंदवहीत असतात आणि मजकूर दुसरीकडे. नोंदवही खराब झाली की सॉफ्टवेअर मजकुराची सुरुवात बघून हा फोटो, हे पत्र असं ओळखतं आणि नुसते नंबर टाकून ढीग लावून देतं. ढीग बघायला बसलो. गुलाबाच्या फुलांसकट आलेले सगळे शुभ सकाळ शाबूत होते. २०११ ची वीजबिलं होती. पाण्याची टाकी धुण्याची नोटीस होती. लेकीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो होता, त्यात ती केकवर बसली आहे. त्याला मात्र मी हात जोडले.

मग मुलाने मॉनिटर माझ्याकडे वळवला. "काका, ही एकच फाईल परत परत आलीय. ड्युप्लिकेट काढून टाकू?"

ती ड्युप्लिकेट नव्हती. तो पहिला खर्डा, सुधारित खर्डा, अंतिम खर्डा आणि त्यानंतरचा खरा अंतिम खर्डा होता. पहिल्यात "पाऊस नुकताच थांबला होता" असं होतं. शेवटच्यात "पाऊस थांबला होता नुकताच". प्रत्येक खर्डा सात पानांचा. त्यातलं एक पान अर्पणपत्रिकेचं आणि अडीच पानं मनोगताची. मनोगतात तांत्रिक साहाय्याबद्दल मेहुण्याचे आभार होते.

मागे बाकावर डिस्क घेऊन बसलेले आणखी दोघे मान लांब करून वाचत होते. "काढून टाक," मी घाईने म्हणालो. "आणि फोटो तेवढे भरून दे."

घरी सांगितलं की फोटो मिळाले, कादंबरी नाही मिळाली. आईने शिरा केला. बायको दोन दिवस माझ्याशी फार मऊ आवाजात बोलली. मेहुण्याला आतून खूपच लागलं असावं. परवा एका मुंजीत तो कोपऱ्यात कुणाला तरी सांगत होता, "साडेचारशे पानं होती हो दाजींची, आणि गेली माझ्यामुळे." आकडा दुरुस्त करायला म्हणून मी तिकडे निघालो होतो, पण ऐकणाऱ्या काकूंनी तोपर्यंत डोळ्यांना पदर लावला होता, आणि पंगतीत बासुंदी यायला लागली होती.