रेंज नसली तरी जीपीएस असतं: त्या फिरत्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. आधी भरतीच्या पोरांच्या, मग भावकीच्या, मग कृषी केंद्रवाल्याच्या आणि शेवटी आमच्या घरच्या. त्यात म्हटलंय की मनगटावरचं जीपीएस घड्याळ म्हणजे शहरातल्या लोकांची हौस. खेड्यात टॉवर नाही म्हणून ते चालत नाही. बॅटरी दोन तासांत बसते आणि आपल्याकडे लाइटीचा भरवसा नाही. खिशात मोबाईल असताना त्याचं काम काय? वावर मोजता येतं ही निव्वळ फसवणूक. आणि विदर्भाच्या उन्हात ते फुटतं. खाली जोडलेले हात, ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी दिग्रस तालुक्यातल्या एका गावात पोलीस भरतीच्या पोरापोरींचा सकाळचा सराव घेतो. असं घड्याळ अडीच वर्षांपासून माझ्या हातात आहे. मेसेज एका मुद्द्यावर बरोबर आहे, ते पुढे येईलच. पण टॉवरपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त पोट्टे तिथेच फसतात.

मोबाईल टॉवर आणि जीपीएस यांचा काही संबंध नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरता फिरता सारखे सिग्नल सोडत असतात. घड्याळ ते फक्त ऐकतं. निदान चार उपग्रहांचा आवाज कानावर आला की सिग्नल यायला किती वेळ लागला यावरून आपण कुठे आहोत ते काढतं. आकाशवाणीचं नागपूर केंद्र ऐकायला रेडिओत सिम घालावं लागतं का? तसंच हे. चिखलदऱ्याहून सेमाडोहकडे उतरताना माझ्या फोनची रेंज पार गेली होती, घड्याळ मात्र वळणावळणाची रेघ ओढत होतं. दाट सागाखाली ती थोडी वाकडी झाली, एवढंच.

मग ‘टॉवर नाही तर बंद’ हे आलं कुठून? एक कारण उतावळेपणाचं. प्रत्येक उपग्रह तो स्वतः नेमका कुठे फिरतोय ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि तीही सेकंदाला ५० बिट या बैलगाडीच्या वेगाने. फोनला जोडलेलं घड्याळ ही माहिती इंटरनेटवरून आधीच घेऊन ठेवतं, म्हणून जागा लगेच सापडते. जोडलेलं नसेल तर उघड्यावर मिनिट-दोन मिनिटं उभं राहावं लागतं. आमचे पोट्टे कडुलिंबाखाली बटण दाबतात, लगेच धूम ठोकतात आणि मग म्हणतात, सर, हे चालतच नाही.

दुसरं कारण खरं घोळाचं, आणि त्यात मीही फसलोय. माझं पहिलं घड्याळ मी तालुक्याच्या एका मोबाईलच्या दुकानातून घेतलं. डब्यावर मोठ्या अक्षरात जीपीएस लिहिलं होतं. फोन घरी ठेवून धावलो, तर नकाशा कोरा आणि अंतर काहीतरी भलतंच. घरी येऊन डब्याचं बारीक अक्षर वाचलं तेव्हा कळलं की ते ‘कनेक्टेड जीपीएस’ होतं, म्हणजे आत चिपच नाही, फोनचं जीपीएस उसनं घेतं. फोन जवळ नसला की पावलं मोजून अंदाज ठोकतं. म्हणून घ्यायच्या आधी दुकानदाराला फोन बंद करायला सांगा, घड्याळ घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जा आणि रेघ उमटली का ते बघा. दुकानदाराने कुरकुर केली तर समजून जा.

याच्या उलटाही एक मेसेज फिरतो, तोही इथेच निकालात काढतो. मोहफुलं वेचायला वाघाच्या जंगलात जाणाऱ्या बाईच्या हाताला जीपीएस घड्याळ बांधलं की घरी लोकेशन येत राहील म्हणे. येणार नाही. आपण कुठे आहोत ते घड्याळाला कळतं, पण ते घरी कळवायला सिमचं घड्याळ किंवा सोबत फोन लागतो, आणि वर रेंजही. तिथे मात्र टॉवर लागतोच.

आता बॅटरी. दोन तासांत बसणारी घड्याळं असतील, मी नाही म्हणत नाही. पण डब्यावर दोन वेगळे आकडे असतात आणि आपण त्यातला मोठाच वाचतो. एक नुसतं हातात घालून फिरण्याचा, तो दिवसांत. दुसरा जीपीएस सतत चालू ठेवण्याचा, तो तासांत. गार्मिनच्या फोररनर ५५ चे कंपनीने दिलेले आकडे दोन आठवडे आणि २० तास असे आहेत. ॲपलच्या साध्या घड्याळांचा एकूण आकडाच बरीच वर्षं १८ तास होता, म्हणजे त्याला रोज रात्री खुंटीला बांधायचंच. दोन्ही घड्याळंच, पण एक बैल आणि एक घोडा.

माझं घड्याळ पहिल्या जातीचं आहे. हिशेब असा: सराव रोज पाऊण तास, आठवड्यातले सहा दिवस, म्हणजे साडेचार तास जीपीएस. वीस तासांतून साडेचार गेले म्हणजे पाव बॅटरीही नाही. बाकी सात दिवस नुसतं हातात, त्यात अर्धी जाते. आठवड्याला पाऊणच्या आत भागतं. मी बाजाराच्या दिवशी चार्ज करतो. नवं होतं तेव्हा त्या सकाळी पाव बॅटरी उरायची, आता लाल रेघ दिसते. लिथियमची बॅटरी म्हातारी होतेच, आणि हे विकताना कोणी सांगत नाही.

आणि ज्यांची खरंच दोन तासांत बसते त्यांच्या घड्याळात काय चालू असतं ते बघा: कायम पेटलेला स्क्रीन, ब्लूटूथवर कॉल, गाणी, रात्रभर रक्तातल्या ऑक्सिजनची मोजणी. आमच्या एका पोराच्या घड्याळातलं हे सगळं बंद केलं तर रोजचं चार्जिंग चार दिवसांवर गेलं. स्क्रीनही दोन जातींचे असतात. एक स्वतः उजळतो, तो दुकानात झकास दिसतो. दुसरा बाहेरचाच उजेड परतवतो, दुकानात मळकट वाटतो आणि आपल्या उन्हात लख्ख वाचता येतो. त्याला बॅटरी फार कमी लागते. आपल्यासाठी मळकटच बरा.

लाइटीचं म्हणाल तर कृषी फीडर म्हणजे शेतातल्या पंपांची लाइन आणि गावठाण फीडर म्हणजे घरांची लाइन, यांची गल्लत नको. मोटारपंपाची लाइट पाळीने येते, घड्याळ काही पंपाच्या पेटीवर चार्ज करायचं नाही. शिवाय फोनची बॅटरी ५,००० एमएएचची, तर घड्याळाची २०० ते ३००. १०,००० च्या पॉवर बँकेवर ते वीसेक वेळा तरी भरतं. ज्याला तेही नको त्याच्यासाठी गार्मिनच्या फोरट्रेक्स मालिकेत ४०१ आणि ६०१ अशी मनगटी यंत्रं निघालीत, त्यात रिमोटचे दोन एएए सेल बसतात. दिसायला ओबडधोबड, पण सेल किराणा दुकानात मिळतात.

मोबाईल असताना घड्याळ कशाला? शेतकऱ्याला बहुतेक वेळा नकोच, त्याला फोन पुरे. पण १६०० मीटरच्या चाचणीच्या सरावात दोनशे ग्रॅमचा फोन मुठीत घेऊन पळून बघा. पोरं पहिले २०० मीटर ३५ सेकंदांत मारतात आणि सातव्या टप्प्याला ५० वर येतात. मैदानात ते स्टॉपवॉचही दाखवतं, पण पुसदच्या रस्त्यावर चुन्याच्या रेघा नसतात. तिथे वेग मनगटावर दिसलेला बरा.

वावर मोजण्याबाबत मेसेज बरोबर आहे. कारण मात्र दिलेलं नाही, ते मी देतो. उघड्या आभाळाखाली घड्याळ तीन ते पाच मीटर इकडेतिकडे चुकतं. चौरस एकराची बाजू ६३.६ मीटर. धुऱ्याधुऱ्याने चालताना प्रत्येक बाजू दोन मीटर बाहेर पडली, तर ती ६७.६ होते आणि एकरामागे पाच गुंठे फुकटचे वाढतात! सगळी चूक एकाच दिशेला सरकली तर क्षेत्रफळ बरोबर येईलही, पण त्याचा नेम नाही. हीच चूक चौरस चार एकरांत पाव एकराची होते. म्हणून ट्रॅक्टरवाला साडेतीनचं चार एकर लावत असेल तर बोलायला आधार मिळतो. पण धुऱ्याच्या भांडणात घड्याळ काढू नका. भूमी अभिलेखची मोजणी रोव्हर नावाच्या, उपग्रहांवरच चालणाऱ्या मोजणी यंत्राने होते, त्याला कायम बसवलेल्या स्टेशनांकडून दुरुस्ती मिळते आणि चूक सेंटिमीटरांत राहते. आमच्या शाळेच्या २०० मीटरच्या रिंगणात आठ चकरांना घड्याळ एकदा १.५५ दाखवतं, एकदा १.६३. सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत १.०० नाहीतर १.०१.

राहिलं ऊन. फुटलेलं एकही मी पाहिलं नाही. मात्र ४५ अंशांच्या वर लिथियमची बॅटरी चार्ज करू नये, आणि मे महिन्यात टिनाखाली दुपारी तेवढं सहज होतं. चार्जिंग पहाटे करा, घड्याळ ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवू नका. अडीच वर्षांत माझ्या घड्याळाचं तुटलं काय, तर पट्टा. घामाने कडक झाला आणि भोकापाशी चिरला. सध्या सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग तो धरून आहे.