फेरिटिन हजारावर गेले म्हणजे ट्रान्सप्लांट फसले?

चवथ उरकल्यापासून आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज तिसऱ्यांदा फिरतोय: ‘ब्लड कॅन्सरच्या पेशंटचे फेरिटिन १०००च्या वर असेल तर स्टेम सेल ट्रान्सप्लांट (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी चढवण्याचा उपचार) यशस्वी होतच नाही. महिनाभर तांबडी भाजी, नाचणी, मांस बंद करा, रोज लिंबूपाणी प्या, लोह उतरले की मगच मुंबईला जा.’ माझ्या मावसबहिणीचा मुलगा पुढच्या महिन्यात मुंबईला दाखल होणार आहे. तिने त्याचे तिजन (नाचणीची पेज) बंद केले, म्हणून लिहायला बसलो.

‘फेरिटिन म्हणजे अंगातले लोह.’ अर्धे खरे. लोह साठवणारे हे प्रथिन जंतुसंसर्ग, यकृताची सूज आणि खुद्द कॅन्सरमुळेही चढते. लॅबमध्ये नोकरी करताना तापातल्या पेशंटचे चढलेले आकडे मी कितीदा पाहिले. म्हणून डॉक्टर सोबत सीआरपी (सुजेची खूण), ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह लादलेले आहे) आणि गरज पडल्यास यकृताचा एमआरआय बघतात.

‘यशस्वी होतच नाही.’ याचे मूळ बहुधा २००७च्या बोस्टनमधल्या अभ्यासात असावे. दात्याच्या पेशी घेणाऱ्यांपैकी ज्यांचे फेरिटिन आधीच फार चढलेले होते, त्यांच्यात जगण्याचे प्रमाण कमी दिसले. कमी, शून्य नव्हे. पुढे त्याच संशोधकांनी २०१४ साली चार अभ्यासांतले २७६ पेशंट एकत्र तपासले. फेरिटिन १०००च्या वर असणाऱ्यांचे निकाल वाईटच होते, पण एमआरआयने मोजलेल्या यकृतातल्या लोहाचा तसा संबंध सापडला नाही. म्हणजे हा आकडा निव्वळ लोहाची नव्हे, आत पेटलेल्या सुजेचीही खबर देत असावा. लोह अगदीच निर्दोष आहे असेही नाही: ट्रान्सफेरिनला न चिकटलेले, रक्तात मोकळे फिरणारे लोह जंतूंना आणि बुरशीला पोसते, आणि २०१८च्या एका जर्मन अभ्यासात ते वाढलेल्यांमध्ये ट्रान्सप्लांटच्या गुंतागुंतीमुळे जास्त मृत्यू झाले. पण दाता किती जुळतो, आजार आटोक्यात आहे का, वय किती, हे सगळे सोडून एकट्या फेरिटिनवर निकाल लावणारा डॉक्टर मी तरी पाहिलेला नाही. मायलोमात (अस्थिमज्जेतल्या एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये) बहुधा दात्याच्या नव्हे, स्वतःच्याच पेशी परत देतात, ते प्रकरण आणखी वेगळे. मेसेजला हा फरकच ठाऊक नाही.

‘महिनाभर पथ्य पाळा.’ इथे हिशेबच करू. अशा पेशंटना वारंवार रक्त चढवावे लागते, आणि लोह मुख्यतः तिथून साठते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते. शरीर दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकते. २० पिशव्या म्हणजे ४-५ ग्रॅम, निरोगी माणसाच्या अंगातल्या एकूण लोहाहून जास्त. तांबड्या भाजीतले मिलिग्रॅमभर सोडून काय उतरणार? त्यात लिंबातले क जीवनसत्त्व भाजीतले लोह शोषायला मदतच करते! हाल मात्र पेशंटचे होतात, कारण ट्रान्सप्लांटआधी अंगात ताकद हवी असते.

कोणीतरी खाली जोडले होते, ‘खाणपट्ट्यातले पाणी प्यायलाय तो.’ आमच्याकडे लोहखनिजाच्या खाणी आहेत खऱ्या, पण पाण्याने फेरिटिन चढत असते तर अख्ख्या डिचोलीचे हजारावर गेले असते.

‘मगच जा’ हे सर्वांत घातक. आटोक्यात आलेला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) वाट पाहत बसत नाही, तो उलटू शकतो. लोह उतरवायचेच असेल तर गोळ्या आहेत, पण त्यांतली डेफेरासिरॉक्स मूत्रपिंड आणि यकृताला बाधू शकते, तेव्हा ती डॉक्टरच्या नजरेखालीच. ट्रान्सप्लांटनंतर हिमोग्लोबिन सावरले की थोडे थोडे रक्त काढूनही साठा कमी करता येतो.

बहीण आज डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकलायला सांगणार होती. मी म्हटले, फोन कर, पण तारखेचे बोलू नको. आकडा कशाने चढलाय तेवढे विचार, आणि तिजन चालेल का तेही.