कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पंगतीत पान कसे मिळवावे

ज्या गृहस्थाने भाच्याच्या मुंजीची पत्रिका चॅटजीपीटीकडून लिहून घेतली आणि ती सगळ्या नातलगांना आवडली, त्याला ते बनवणारी कंपनी थोडीतरी आपल्या मालकीची असावी असे वाटू लागणे अगदी स्वाभाविक आहे. आपण त्यांपैकीच असाल, तर हे मार्गदर्शन आपल्यासाठी आहे. चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय, तिची स्पर्धक अँथ्रॉपिक यांसारख्या कंपन्यांचे शेअर हे लिहीत असताना कोणत्याही बाजारात नोंदलेले नाहीत. ही अडचण आहे असा गैरसमज प्रथम दूर करावा, कारण जो शेअर मोबाइलवर दहा सेकंदांत मिळतो, त्याविषयी चारचौघांत आवाज खाली आणून बोलता येत नाही.

म्हणूनच मायक्रोसॉफ्ट किंवा ॲमेझॉनचे शेअर घेण्याचा बाळबोध सल्ला मनावर घेऊ नये. ऑक्टोबर २०२५मधील फेररचनेनंतर ओपनएआयचा सुमारे २७ टक्के हिस्सा मायक्रोसॉफ्टकडे आला आणि ॲमेझॉनने २०२३ व २०२४ या दोन वर्षांत मिळून अँथ्रॉपिकसाठी ८ अब्ज डॉलर देऊ केले, हे खरे आहे. परंतु ज्या वस्तूचा भाव सर्वांना दिसतो आणि जी विकावीशी वाटली की त्याच दिवशी विकता येते, तिच्यात प्रतिष्ठा ती कसली?

अमेरिकेत या पंगतीला बसण्यासाठी आधी शहाणे असावे लागते, आणि शहाणपण मोजण्याचे माप तेथील रोखे आयोगाने १९८२मध्येच ठरवून ठेवले आहे: राहते घर वगळून १० लाख डॉलरांची मालमत्ता, किंवा सलग दोन वर्षे २ लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न. घर वगळण्याची अट पुढे २०१०मध्ये आली, पण आकडे मात्र चार दशकांत हललेले नाहीत, त्यामुळे महागाईने कोणताही अभ्यासक्रम न चालवता लक्षावधी कुटुंबांना आपोआप शहाणे करून सोडले आहे. ज्यांच्याकडे तेवढा पैसा नाही, त्यांच्यासाठी २०२०पासून ठरावीक परवाना परीक्षांची वाटही मोकळी झाली आहे. म्हणजे श्रीमंताला न शिकता प्रवेश मिळतो आणि इतरांनी अभ्यास करावा, ही व्यवस्था आपल्या ओळखीची वाटल्यास तो योगायोग समजावा.

शहाणपण सिद्ध झाले की एसपीव्हीचा मार्ग खुला होतो. एसपीव्ही म्हणजे एकाच कंपनीचे शेअर घेण्यासाठी काढलेली दुसरी कंपनी. आपण या दुसऱ्या कंपनीचे भागीदार होतो आणि ती पहिल्या कंपनीची भागधारक असते, किंवा भागधारक असलेल्या तिसऱ्या कंपनीची भागीदार असते. मामाच्या मेव्हण्याच्या साडूची मुख्यमंत्र्यांशी ओळख असावी, तसे हे नाते आहे. त्या ओळखीने काम होतेच असे नाही, परंतु मधल्या प्रत्येकाला चहापाणी द्यावे लागते. प्रत्येक थराने नफ्यातला पाचवा हिस्सा कापला असे समजा: १०० डॉलर नफ्याचे पहिल्या थरात ८०, दुसऱ्यात ६४ आणि तिसऱ्यात ५१ उरतात, आणि वार्षिक शुल्क त्याखेरीज. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी असा तिसऱ्या थरातला वाटा घेतला. कंपनीच्या भागधारकांच्या यादीत आपले नाव असते का, असे त्यांनी मध्यस्थाला विचारले, तेव्हा ‘आपण भावनेने त्यांच्यातलेच आहात’ असे उत्तर मिळाले. ऑगस्ट २०२५मध्ये ओपनएआयनेच जाहीर इशारा दिला की, संमतीवाचून झालेले असे व्यवहार मानले जाणार नाहीत आणि त्यांचे आर्थिक मोल काहीच नसेल. अशी पत्रके वाचत बसल्यास उत्साह कमी होतो, म्हणून ती टाळावीत.

थरांचा कंटाळा येत असल्यास फंड आहेत. अमेरिकेतील आर्क व्हेंचर फंड ५०० डॉलरांत प्रवेश देतो; बाहेर पडण्याचा दरवाजा मात्र तीन महिन्यांतून एकदा आणि तोही किलकिला उघडतो. याहून रोमहर्षक उदाहरण डेस्टिनी टेक१००चे आहे. मार्च २०२४मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात आलेल्या या फंडाच्या एका शेअरमागे २०२३अखेर ४ डॉलर ८४ सेंट एवढीच मालमत्ता होती, तिच्यातला सर्वांत मोठा वाटा रॉकेट सोडणाऱ्या स्पेसएक्सचा होता, आणि तरीही एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात लोकांनी त्यासाठी १०० डॉलरांच्या आसपास भाव दिला. पाच रुपयांचे नाणे शंभराला विकत घेणाऱ्या माणसाला आपण गावात काय म्हणतो, ते येथे आठवू नये. अल्पावधीतच भाव कोसळला, तोही आठवू नये.

युरोपातील वाचकांना टोकनची, म्हणजे शेअरच्या भावाचा माग घेणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राचीही सोय झाली होती. २०२५च्या जूनअखेर रॉबिनहूड या शेअर दलाली ॲपने तेथील ग्राहकांना ओपनएआयच्या नावाची टोकने देऊ केली. हा आमच्या कंपनीतला हिस्सा नव्हे आणि आमचा याच्याशी संबंध नाही, असे ओपनएआयने लगोलग सांगितले, आणि युरोपात रॉबिनहूडवर देखरेख ठेवणाऱ्या लिथुएनियाच्या मध्यवर्ती बँकेने खुलासा मागवला. थोडक्यात, लग्नाचा अल्बम विकला गेला. वधूपक्षाला मात्र त्याची कल्पना नव्हती.

पुण्यात किंवा नाशकात बसून हे सारे करू इच्छिणाऱ्यांना रिझर्व्ह बँक एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवू देते. वर्षात १० लाख रुपयांवर रक्कम गेली की अशा गुंतवणुकीसाठी जादा रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर) आधीच कापून घेतला जातो, जो विवरणपत्र भरल्यावर वळता होतो. याच विवरणपत्रात शेड्यूल एफए नावाचा तक्ता असतो. त्यात परदेशी मालमत्तेचे मूल्य लिहायचे असते, आणि तिसऱ्या थरातल्या भावनिक भागीदारीचे मूल्य किती, हा प्रश्न आपल्या चार्टर्ड अकाउंटंटला ३१ जुलैच्या आदल्या रात्री विचारल्यास मैत्रीची परीक्षा होते.

एवढे करूनही मनात धाकधूक असेल, तर ओपनएआयने नव्या रचनेपूर्वी आपल्या गुंतवणूकदारांना दिलेली सूचना आठवावी: ही गुंतवणूक देणगीच्या भावनेने पाहणे शहाणपणाचे ठरेल. (देणगीवर करसवलत देणारी ८०जीची पावती मात्र मिळत नाही.) २०२५च्या ऑक्टोबरात याच कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांनी ५०० अब्ज डॉलरांच्या मूल्यांकनाने सुमारे ६.६ अब्ज डॉलरांचे शेअर विकले. आतल्या माणसांनी एवढ्या तत्परतेने पाने रिकामी केली, याचा अर्थ आपल्यासाठी जागा होत आहे, असाच घ्यावा. अर्ज भरताना नॉमिनीचे नाव तेवढे विचारपूर्वक लिहावे आणि शक्यतो वयाने लहान असलेल्याचे लिहावे, कारण पैसे परत मागण्याचा पत्रव्यवहार बहुधा त्यालाच करावा लागेल.