फुकटच्या सिस्टीमला वाली कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची वितरणे, म्हणजे तिच्या वेगवेगळ्या तयार आवृत्त्या, आणि विंडोज यांची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की फुकटच्या सिस्टीमला वाली नसतो, सेंटओएसवर (रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या फुकट प्रतिरूपावर) विसंबलेल्यांची फसगत सर्वांनी पाहिली आहे, आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत लग्नपत्रिका आणि हँडबिले छापणाऱ्या शहापुरातील आपल्यासारख्या दुकानात लिनक्स बसवणे म्हणजे आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे.

सेंटओएसचे उदाहरण आपण काढलेत, ते बरेच झाले. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील असे आधी सांगितले गेले होते. डिसेंबर २०२० मध्ये ती मुदत २०२१ अखेरपर्यंत खाली आणण्यात आली, तेव्हा त्या भरवशावर सर्व्हर उभे केलेल्यांचा संताप रास्तच होता. मात्र कोड खुला, म्हणजे सिस्टीमचा मूळ प्रोग्रॅम कोणालाही घेऊन बदलता येण्याजोगा, असल्यामुळे सेंटओएसच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ग्रेगरी कुर्टझर यांना रॉकी लिनक्स हे तसेच नवे वितरण सुरू करता आले, शिवाय अल्मालिनक्सही उभे राहिले, आणि २०२१ च्या मध्यापर्यंत चालू सर्व्हर नव्याने इन्स्टॉल न करता या दोहोंपैकी एकावर नेण्याची सोय झाली. (२०२३ मध्ये रेड हॅटने कोड देण्याची पद्धत बदलून त्यांची वाट बिकट केली, तरी दोन्ही टिकून आहेत.) याउलट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हा ती सिस्टीम पुढे चालवण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नव्हता, घरगुती ग्राहकांना वर्षभराच्या वाढीव सुरक्षा अपडेटची सवलत मिळाली, तीही मायक्रोसॉफ्टच्याच मर्जीने. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी कॉम्प्युटर निकालात निघाले.

राहिला वालीचा प्रश्न. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स हे खुल्या कोडवरच उभे आहे आणि वार्षिक वर्गणी घेऊन विकले जाते. त्या कंपनीसाठी आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजले. तेव्हा ही तुलना फुकट विरुद्ध विकत अशी मांडताच येत नाही. शिवाय आपल्याकडे विंडोज बिघडले तर कंपनीला फोन कोण करतो? गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यालाच हाक मारली जाते, आणि तो फॉरमॅट मारून मोकळा होतो.

आपल्या दुकानापुरते बोलायचे, तर कोरलड्रॉ आणि टॅली ज्या मशीनवर चालतात, त्यांवर विंडोजच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाइनच्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) आधाराने ते लिनक्सवर चालवण्याची खटपट ऐन लग्नसराईत करू नये. जुन्या पत्रिकांची अडचण तर कोणत्याच सिस्टीमने सुटत नाही. युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या श्री-लिपी फाँटमध्ये टाइप केलेल्या मजकुरात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड साठवलेले असतात, फाँट केवळ त्यांवर देवनागरीचे रूप चढवतो. तो फाँट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली, की ‘शुभविवाह’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते, मग ते मशीन विंडोजचे असो वा उबुंटू या लिनक्स वितरणाचे.

नवा मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप करावा, आणि त्यासाठी दुसऱ्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर उबुंटू किंवा मिंट हे लिनक्स टाकून खुशाल वापरता येईल. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड वर्णांच्या जागा बहुतांशी सारख्याच असतात. ‘के’च्या बटणावर मराठीत ‘क’ उमटतो, तसाच कन्नडमध्ये कन्नडचा ‘क’, त्यामुळे एकदा बोटे बसली की भाषा बदलायला एक बटण पुरते. ही सोय विंडोजमध्येही आहे, हे कबूल. पण उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत नेहमीच्या सुरक्षा अपडेट मिळणार आहेत, आणि वैयक्तिक वापरासाठी आणि स्वतःच्या मालकीच्या धंद्यासाठीही पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो (वाढीव मुदतीची वर्गणी) विनामूल्य असल्यामुळे तेथे ही मुदत २०३४ पर्यंत जाते. पाचांहून अधिक मशीन असतील तर मात्र प्रोचे पैसे पडतात, तो खर्च हिशेबात धरावा.